सुनेचे चार पहारे

माझी सून घरी बसून काम करते. ते काम नक्की काय, हे कळायला मला दोन वर्षं लागली, आणि कळलं तेही पुरतं नाही. मी चौथी शिकलेली आहे. पण जेवढं कळलं तेवढं नीट कळलं आहे.

आम्ही केडगावात राहतो. मुलगा नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात आहे, त्याच्या पाळ्या बदलत असतात. नात पहिलीत आहे. मी नेवाशाकडची. नवरा गेल्यावर शेत वाट्याने दिलं आणि इकडे आले. सून पूर्वेकडच्या कोरडवाहू गावातली. तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे, ती वसतिगृहात राहून शिकली. मला ही सून नको होती. तोडीवाल्यांची पोर आमच्या घरात कशाला, असं मी चार माणसांसमोर बोलले होते. मुलाने ऐकलं नाही. आज तिचं कौतुक लिहिते आहे, तर तेव्हा काय बोलले होते तेही लिहायला हवं.

मागच्या खोलीत आधी धान्याच्या कोठ्या होत्या. आता तिथे तिचं टेबल आहे. टेबलावर संगणकाचे दोन पडदे, आणि मधे पंज्याएवढी एक हिरवी पाटी. तिला ती बोर्ड म्हणते. त्याला ना झाकण ना डबा, वर काळे चौकोन आणि दोन बारीक दिवे. हात बटणांवर चालतात, पण दिवसभर तिचं लक्ष त्या पाटीवर.

एकदा मी तिथेच खाली बसून मेथी निवडत होते. म्हटलं, "तू दिसभर त्यात बघतीस तरी काय गं?"

"चोर शोधतेय, आई."

"एवढ्याशा पाटीत?"

तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. तिचा एक चांगला गुण आहे. विचारलं की सांगते, आणि सांगताना समोरच्याला वेडं समजत नाही.

ती म्हणाली, संगणकाच्या आत एक कारभारी असतो. बाकीचे सगळे प्रोग्राम त्याच्या परवानगीने चालतात. कोणाला किती वेळ काम मिळणार, कोण कुठे लिहिणार, हे तो ठरवतो. त्याला कर्नेल म्हणतात. तिचं काम त्या कारभाऱ्यावरच. आणि आत लिहिण्यासाठी कप्पे असतात, लाखो नाही, कोट्यवधी. आता एका कप्प्यात कोणीतरी नको ते लिहून जातं आणि आठ-दहा दिवसांनी यंत्र बंद पडतं.

"मंग त्या कप्प्यापाशी कुणाला तरी बसवायचं."

"तेच करतात," ती म्हणाली. "यंत्राच्या मेंदूतच पहारा ठेवायच्या जागा केलेल्या असतात. तिथे कप्प्याचा पत्ता लिहायचा. मग यंत्र आपलं नेहमीच्या वेगाने चालत राहतं, पण त्या कप्प्याला कोणी हात लावला की जागच्या जागी थांबतं आणि सांगतं, अमक्याने, अमक्या ओळीवरून हात लावला. याला हार्डवेअर ब्रेकपॉइंट म्हणायचं."

"मंग बसव की समद्या कप्प्यांवर."

"जागा चारच आहेत."

कोट्यवधी कप्पे आणि चार पहारे. मी मेथीची जुडी खाली ठेवली.

तिचं खरं काम हे चार पहारे वाटून देण्याचं होतं. मागणारे पुष्कळ असतात. कोणाला द्यायचा, कोणाला नाही म्हणायचं, काम झालं की परत घ्यायचा. शिवाय एखादा पहारा एकाच प्रोग्रामपुरता असतो. त्या प्रोग्रामची पाळी संपली की पहारा उचलायचा, दुसऱ्याच्या पाळीत तो राहता कामा नये, आणि पहिल्याची पाळी परत आली की परत मांडायचा. हे एका सेकंदात शेकडो वेळा. कारभाऱ्याचा हा भाग तिने एकटीने लिहिला होता.

हे मला लगेच कळलं, कारण आमच्याकडे पाटाचं पाणी पाळीने यायचं. मी पंचवीस वर्षं दारं धरली आहेत. फावड्याने सरीचं तोंड उघडायचं, भरली की बुजवायचं आणि पुढचं उघडायचं. आपली पाळी संपली की आपलं तोंड नीट बुजवून जायचं. नाही बुजवलं तर शेजाऱ्याच्या पाळीचं पाणी आपल्या वावरात शिरतं आणि मग भांडण होतं. मी हे तिला सांगितलं.

"तसंच आहे," ती म्हणाली. "फक्त तुमच्याकडे पाणी फुटलं तर जमीन ओली दिसते. इथे काहीच दिसत नाही."

हे मला पटलं. मला वाटत होतं सावलीत बसून करायचं काम आहे, सोपं असणार. न दिसणाऱ्या पाण्याची दारं मला धरता आली नसती.

भाद्रपदात तिच्या कामात अडचण आली. कंपनी पुण्याची, त्या कंपनीची यंत्रं निरनिराळ्या कारखान्यांत बसवलेली. ती बंद पडायला लागली म्हणून त्या बिघडणाऱ्या कप्प्यावर पहारा ठेवला. कप्पा तरीही बिघडला आणि पहाऱ्याने कोणालाच पकडलं नाही. एकदा नाही, चार-पाच ठिकाणी. मग सगळे तिच्याकडे वळले. वरचे साहेब फोनवर बोलत होते, फोन टेबलावर उघडा होता, म्हणून मीही ऐकलं.

"मॅडम, चोर नंतर शोधू. आधी तुमच्या पहाऱ्यालाच भोक आहे. घरी बसून हे होत नाही. दिवाळीनंतरच्या सोमवारपर्यंत सापडलं तर ठीक, नाहीतर पुण्याला या. इथे सगळ्यांच्या समोर बसून करा."

ती "हो सर" म्हणाली आणि फोन ठेवला.

पुण्याला जाणं म्हणजे काय हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. रोज जाऊन येणं जमणारं नव्हतं. तिला तिथे खोली घ्यावी लागणार, नात माझ्याकडे, मुलगा पाळीला. सहा वर्षांच्या पोरीला आई शनिवार-रविवारी दिसणार. नाहीतर तिने काम सोडायचं. मी एवढंच म्हटलं, "पोरीला मी सांभाळीन, पन माझे गुडघे पळत न्हाईत, हे आधीच सांगते."

"तुम्हाला पळायला लावणार नाही," ती म्हणाली आणि पुन्हा टेबलाशी बसली.

त्यानंतर तिने त्या बोर्डाला दम खाऊ दिला नाही. सकाळी सहाला बसायची. त्याच्यावर एकावर एक कामं टाकायची, म्हणजे चूक असलीच तर लवकर बाहेर पडेल. काळ्या चौकोनावर बोट टेकवलं तर गरम लागायचं. दोन आठवडे झाले. कप्प्याला मुद्दाम हात लावायचा प्रोग्राम तिने स्वतःच लिहिला होता. तो हात लावायचा आणि पहारा त्याला दर वेळी पकडायचा. हजार वेळा लावला, हजार वेळा पकडला. तिच्या घरात पहारा चोख, कारखान्यात आंधळा.

मुलगा म्हणाला, "नसेल गं तुझी चूक. त्यांच्या यंत्रातच असेल."

"असेल तर ते मला दाखवता यायला हवं ना."

"तू आधी जेव."

"दाखवल्यावर जेवते." पण जेवली. नात ताट घेऊन तिच्या मांडीवरच जाऊन बसली, त्यामुळे जेवावंच लागलं.

मग खंडेनवमी आली. आमच्या घरात त्या दिवशी हत्यारं पुजतात. नांगर, कुळव, विळा, फावडं धुऊन हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. पुजलेल्या हत्याराला दसऱ्याला सोनं लुटून येईपर्यंत हात लावायचा नाही. त्यांना दोन दिवस विसावा. केडगावात आता नांगर नाही. मुलाचे पाने आहेत, माझा विळा आहे, आणि सुनेचा बोर्ड.

मी ताम्हण घेऊन मागच्या खोलीत गेले. "सरक. पुजायचंय."

"आई, पाणी शिंपडू नका हं."

"न्हाई शिंपडत. कोपऱ्याला कुंकू लावते. आन उद्या दुपारपर्यंत ह्याला हात लावायचा न्हाई."

तिने माझ्याकडे पाहिलं. "दिवाळीपर्यंत तारीख आहे आई. माझे दोन दिवस जातील."

"लोकांनी पेरणीच्या टायमाला दोन दिवस दिल्यात. तुझं काय लई मोठं?"

हे मी चिडून बोलले. मला देव कोपण्याचं भय नव्हतं. घरची रीत माझ्या देखत मोडू नये, एवढाच हट्ट. ती वाद घालू शकली असती, आणि तिचंच बरोबर होतं. ती म्हणाली, "बंद मात्र करणार नाही. दिलेलं काम काढून घेते, पहारा मांडून ठेवते आणि हात लावत नाही. चालेल?"

"हात लावला न्हाई म्हंजे झालं."

बोर्ड दोन दिवस तसाच राहिला. दिवे मिणमिणत होते, कोपऱ्यावर कुंकू, शेजारी फूल. सुनेने ते दोन दिवस पोरीचे केस धुतले, कडाकण्या तळल्या, माझ्या चष्म्याची काडी घट्ट केली. दर तासाला तिची नजर मागच्या खोलीकडे जायची. मी पाहत होते. ती आत गेली नाही.

दसऱ्याला दुपारी आपट्याची पानं देऊन झाल्यावर ती टेबलाशी बसली. बराच वेळ आवाज नाही म्हणून मी दारात गेले. ती खुर्चीवर मांडी घालून बसली होती आणि पडद्यावरच्या एकाच ओळीकडे बघत होती.

"काय झालं?"

"कप्पा बिघडलाय. काल दुपारी. आणि पहारा गप्प."

मला वाटलं माझ्यामुळे काही बिघडलं. "म्या नुसतं कुंकू लावलं गं."

"कुंकवाने नाही." ती हसली, दोन आठवड्यांत पहिल्यांदा. "आई, जे तिकडे होत होतं ते आज घरी झालं. मी हात काढला तेव्हा झालं."

त्यानंतर तिने मला सांगितलं ते असं. त्या बोर्डात मेंदू एक नाही, चार आहेत, आणि प्रत्येकाला त्याचे त्याचे चार पहारे. पहारा ठेवायचा तर चौघांनाही तोच पत्ता सांगावा लागतो. मेंदूला काम नसलं की वीज वाचवायला तो झोपतो. झोपेचे प्रकार असतात. हलकी झोप असली तर उठल्यावर सगळं आठवतं. गाढ झोप लागली तर त्याच्या पहाऱ्याच्या जागा पुसून जातात, आणि उठल्यावर कारभाऱ्याने पुन्हा सांगावं लागतं की बाबा, तुला त्या कप्प्यावर बसायचंय. गाढ झोपेनंतर परत सांगायची सोय तिने लिहिली होती. पण मधल्या एका झोपेला तिने हलकी धरलं होतं. तिथे पहारा टिकेल असं समजून चालली. तो टिकत नव्हता. उठलेला मेंदू रिकाम्या हाताने कामाला लागायचा आणि त्याच्या हद्दीतून चोर जायचा.

आणि ती झोप बोर्डाला बराच वेळ काम नसलं तरच लागायची. कारखान्यातलं यंत्र सुट्टीच्या दिवशी रिकामं असतं. हिच्याकडचं दोन आठवडे पापणी मिटू शकलं नव्हतं, कारण ही त्याला मिटू देत नव्हती.

शेजारणीने हे ऐकलं आणि म्हणाली, देवीने वाट दाखवली. मी म्हटलं, देवीला असल्या पाटीतलं काय कळतंय. दोन दिवस तर फावड्यालाही मिळतात, फावड्यातून कधी काही निघालं नाही. समोर आलेल्या ओळीचा अर्थ सुनेला लागला म्हणून सापडलं. मी ती ओळ दहा वर्षं बघत बसले असते तरी मला ओळच दिसली असती.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांना पत्र लिहायला बसली. मुलगा पाळीवरून आला होता, चहा पीत तिच्या मागे उभा राहिला.

"ती झोप हलकी का गाढ, हे त्या चिपच्या पुस्तकात स्पष्ट दिलंय का?"

"नाही. दोन्ही अर्थ निघतात."

"मग पुस्तकाची चूक म्हण की. सरळ निसटशील."

"पुस्तकात धूसर होतं तेव्हा मी तपासायला हवं होतं. गृहीत मी धरलं."

"एवढं सगळं लिहिणार?"

"एक ओळ आहे. लिहिते." आणि तिने लिहिली. चूक माझी, अशी झाली, अशी दुरुस्त केली. त्या पत्रावर ती घरी राहणार की पुण्याला जाणार हे ठरायचं होतं, आणि त्यात तिने स्वतःला सोडवायला एक शब्द घातला नाही. मी आयुष्यात पाण्याच्या पाळ्या लावणारे पाटकरी पाहिले, सरपंच पाहिले, सोसायटीचे चेअरमन पाहिले. चूक माझी म्हणून सही करणारं माणूस मी माझ्याच घरात आणि या वयात पाहिलं.

आठ दिवसांनी साहेबांचं उत्तर आलं. दुरुस्ती समजली, पण नुसत्या समजण्यावर भागत नाही. चोर पकडून दाखवा. म्हणजे आता बोर्डाला पुन्हा हात न लावता ठेवायचं, त्याला सगळ्या झोपा घेऊ द्यायच्या, आणि नवा पहारा खरा चोर धरतो का बघायचं. दिवाळीपर्यंत दिवस थोडेच होते. चोर आठ-दहा दिवसांतून एकदा येणारा.

मी मागच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकली.

"आई, हे काय?"

"तुझे चार, हा पाचवा."

थट्टेचं सोडा, पण राखणीची गरज होती. आमच्या घरात कोणीही कुठलंही बटण दाबतं. दिवाळीची साफसफाई आलेली. शेजारीण तिच्या मिक्सरचा प्लग बंद पडला म्हणून आमच्या मागच्या खोलीतला लांब वायरचा बोर्ड मागायला आली.

"दोन मिनिटं द्या मावशी, चटणीच वाटायची."

"न्हाई मिळायचा."

"अहो, एवढं काय त्यात?"

"चोर यायचाय."

ती माझ्याकडे बघत उलट्या पावलांनी गेली. म्हातारीचं डोकं फिरलं, असं तिने पुढे दोघींना सांगितल्याचं कानावर आलं. मुलगा एकदा सवयीने आतला पंखा बंद करायला गेला, त्याचं मनगट धरलं. नातीला सांगितलं, आतलं यंत्र निजलंय. ती तेव्हापासून त्या दारापुढून चवड्यावर चालायची.

सुनेने मला पडदा समजावून दिला. ओळी पांढऱ्या असतील तोवर काही नाही. तांबडी ओळ आली तर तिला फोन करायचा, आणि उंदरालासुद्धा हात लावायचा नाही. उंदीर म्हणजे तो टेबलावरचा, सरकवायचा.

सहा दिवस पांढऱ्या ओळी. मी हरभऱ्याची डाळ निवडली, गहू निवडले, निवडण्यासारखं काही उरलं नाही. सून शांत होती, पण तिने एक बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवली होती. पुण्याची. मी ती पाहिली. नातीने पाहिली आणि तिच्यात आपली बाहुली भरली. ते मला बघवलं नाही, म्हणून मी बाहुली काढून परत कपाटात ठेवली.

सातव्या दिवशी दुपारी सून पोरीला शाळेतून आणायला गेली होती. मी खुर्चीतच होते. डोळा लागला होता की नाही सांगत नाही. पाहिलं तर खालून दुसरी ओळ तांबडी. मी चष्मा पुसून परत पाहिलं. तांबडीच. फोन लावला.

"तांबडी आली."

"नक्की?"

"म्या काय आंधळी हाय का?"

"कशाला हात लावू नका. आले."

दहा मिनिटांत स्कूटर अंगणात. चप्पल न काढता आत आली, जे ती कधी करत नाही. ओळ वाचली, मग तिच्या खालच्या बारीक ओळी वाचल्या, आणि खुर्चीवर टेकली.

"झोपेतून उठल्या-उठल्या धरलाय," ती म्हणाली. "तो तेव्हाच येतो, म्हणून एवढे दिवस निसटत होता. नावासकट सापडलाय."

"कोन हाय?"

"यंत्राची उष्णता मोजणाऱ्या प्रोग्रामचा एक तुकडा. आपल्या कप्प्यात लिहायचं सोडून एक कप्पा पुढे लिहीत होता."

"आन तो लिव्हला कुनी?"

"त्यावर नाव आहे. पण ते सांगणार नाही. कोणाचं नाव घ्यायला नव्हतं पकडलं."

"तुझं नाव त्यांनी घेतलंच की."

"माझी चूक होतीच, आई."

मला ते नाव कळलं असतं तर मी चार घरं सांगितलं असतं, हे तिला माहीत होतं.

दिवाळीनंतरच्या सोमवारी साहेबांचा फोन आला. या वेळीही फोन उघडाच होता. साहेब कमी बोलले. पहारा आता सगळ्या यंत्रांवर हाच बसवतो आहोत, तुम्ही तिथूनच करा, महिन्यातून एकदा येऊन जा. ती "हो सर" म्हणाली. आधीसारखंच, तेवढ्याच आवाजात.

फोन ठेवून तिने बोर्डावर काहीतरी टाइप केलं.

"आता काय करतीस?"

"पहारा उचलते. काम झालं की जागा मोकळी करायची, दुसऱ्याला लागते." मग मागे न बघता म्हणाली, "तुमची खुर्चीही उचला. येता-जाता पाय अडकतो."

मी खुर्ची उचलून ओट्यावर नेली. पुण्याची बॅग तिने माळ्यावर टाकली. बोर्डाच्या कोपऱ्यावरचं कुंकू मात्र अजून आहे, तिने ते पुसलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, तिथल्या बारीक तारेला कापड अडकलं तर ती सुटेल.